पुस्तकात मेलेली बाई

नाई नाई, असे डोळे फाडून पाहू नका किसनराव — भूत नाई मी, हे पाहा माह्ये पाय, पुढंच वळलेले हायेत. लालीच हाये. शंकरसिंगची धाकटी लाली. तुमी आवाज वळखला, मले तवाच समजलं — नातीनं विचारलं 'आजी, आजोबांना इथं सावलीत बसवू का?' अन् मी म्हटलं बसव नं बाई, खाट हाये, तं तेवढ्यानंच तुमची मान इकडं वळली. तोंड वळखू येत नसन माह्यं, दात गेले, केस गेले, पन आवाज राह्यला. तुमचं उलटं झालं. तोंड अजूनबी देखनं हाये अन् आवाज देवानं नेला. लकवा म्हने. प्रेरणा सांगत होती — प्रेरणाच ना नाव पोरीचं? — म्हने त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, समजतंही सगळं. मी मनात म्हटलं, वा, याच्याहून चांगलं काय पाह्यजे. जिंदगीभर तुमी बोलले, स्टेजवर बोलले, रेडिओवर बोलले, टीव्हीत बोलले, अन् आमी ऐकलं. आता थोडं तुमी ऐका. पोरगी अन् तिचे कॅमेरेवाले विहिरीकडं गेले, ते उडवायचं यंत्र घेऊन, लवकर काई येत नाईत. हात कायले हलवता? तेवढा एक डावाच हलते ना? राहू द्या, पडून जासान खाली, अन् मंग लोक म्हनतीन तांड्यावाल्यांनी मोठ्या लेखकाले पाडलं.

पानी पाजू? नको? बरं. तोंड पुसून देतो, लाळ येऊन राह्यली. हं. तं तुमची नात मले काय म्हने मालूम हाये? म्हने आजी, तांड्यात सगळ्यात वयस्कर तुम्ही, त्या मुलीबद्दल दोन शब्द बोला ना — जिनं विहिरीत उडी मारली, जिच्या प्रेमात आजोबांनी पुस्तक लिहिलं. पुस्तकाची नवीन आवृत्ती निघून राह्यली म्हने, रविवारी यवतमाळले मोठा कार्यक्रम हाये, शाल-नारळ हाये, अन् त्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर मी बोलतानी दिसनार. तुमच्या पुस्तकावर तांड्याचा शिक्का पाह्यजे तिले. पोट्टी चांगली हाये हो, पायाबी पडली माह्या. तिले काय माहीत. मी म्हटलं बोलीन. विहीर पाहून या, मंग बोलीन. आता काय बोलाचं ते मी ठरवून ठेवलं हाये, आजचं नाई, लय दिवसाचं ठरवून ठेवलं हाये, पन तिच्या कॅमेऱ्याच्या पह्यले तुमाले सांगाव म्हटलं. तेवढी इमानदारी हाये माह्यात. तुमच्यात नोहती, ते जाऊ द्या.

त्या विहिरीवर लोक येतात, मालूम हाये ना? तुमीच भाषनात सांगता म्हने, 'माझी चांदणी अजून त्या विहिरीत आहे'. चांदणी — नाव तं मोठं झाक ठेवलं तुमी पुस्तकात. तं येतात कॉलेजच्या पोरी, अमरावतीच्या, नागपूरच्या, चारचाकी करून येतात, विहिरीत फुलं टाकतात, फोटो काढतात, अन् माह्या सुनेले विचारतात, तिनं कुठून उडी मारली? माही सून दाखवते. ती काय करन बिचारी, तिलेबी वाटते तुमची कोनी होती म्हनून. मी दारात बसून पाहतो. एकदा एक पोट्टी विहिरीच्या काठावर बसून रडली, खरंखुरं रडली, अन् तिनं हात जोडले अन् म्हटलं तुझ्यासारखं प्रेम मला जमू दे. मले वाटलं जावं अन् तिच्या थोबाडीत मारावं. कोन हाये त्या विहिरीत, किसनराव? सांगा ना. आता सांगता येत नाई, पन तवा तं येत होतं. मी तं इथं हावो. मी कपाशी वेचली, लगीन केलं, पोरं काढली, नवरा जाळला, अन् इथं तुमच्या तोंडावरच्या माशा हाकलून राह्यली. विहिरीत माही बहीन गेली. झमकी. जिनं तुमचं तोंड कधी धड पाह्यलं नोहतं.

हं, आता मिटले डोळे. मिटा. कान तं मिटत नाईत.

आठवते का ते साल — तुमी नागपूरहून कॉलेज करून आलते, पांढरा पायजमा, हातात पुस्तक, अन् तुमच्या बापाच्या वावरात आमी तांड्यावरच्या बायका वेचनीले. आमचा आजा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखात फिरला, बापानं इथं जमीन फोडली, पन ती बरडाची, म्हनून तुमच्या काळ्या वावरात रोजानं याव लागे. तुमाले आमी छोटे मालक म्हनो. छोटे मालक धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहेत अन् मले विचारेत, याडी म्हनजे काय? म्हटलं आई. अन् कोर म्हनजे काय? म्हटलं गोर म्हनजे आमी बंजारे, अन् जो गोर नाई तो कोर, म्हनजे तुमी. तुमी हासले. हासले तं लय चांगले दिसेत तवा, खोटं कायले बोलू. झमकी तवा माहेरी आलती, दिवाळीची आलती ती राह्यलीच वेचनीपर्यंत, अन् तिच्या कानावरून दोनी बाजूले चांदीच्या टोपल्या लोंबेत, केसात गुंतवलेल्या, खाली बारीक घुगऱ्या — चालली का वाजेत. तुमाले तो आवाज आवडला. तुमी म्हटलं लाली, तू काहून घालत नाई? मी सांगतलं. आठवते ना, मी सांगतलं — सरळ सांगतलं, की ते लगीन झालेल्या बाईचं लेनं हाये, कुवाऱ्या पोरीनं घातलं तं त्याचा अर्थ होते, अन् नवरा मेला का ते उतरते. तुमी म्हटलं, मले समजते त्याचा अर्थ. एकदा घाल. मी बहीन झोपली असतानी तिच्या उशाची टोपली उचलली अन् तुमच्या वावरातल्या कोठ्यात, कापसाच्या गंजीवर बसून — तुमीच बांधली, तुमच्या हातानं, केसाची गाठ जमत नोहती तं तीनदा सोडून बांधली. त्या दिवशी माह्यं लगीन झालं. तुमचं नाई झालं. तुमी आवाज ऐकला फक्त.

अन् मंग गेले निघून. चिठ्ठी नाई, निरोप नाई. पुढच्या वेचनीले पुस्तक आलं, झमकी तवाबी माहेरी आलती. मले तं वाचता येत नोहतं. खेमसिंगनं आनलं — मंग नवरा झाला माहा तो, पन तवा नुसता तांड्यातला पह्यला मॅट्रिक होता — दिग्रसच्या बाजारातून आनलं अन् तांड्याच्या नायकाच्या दारात बसून मोठ्यानं वाचलं. सारा तांडा ऐकत होता, का आपल्यावर कोनी पुस्तक लिहिलं, कौतुक किती. पह्यले पह्यले लोक खूश. विहीर आली, धुरा आला, तांडा आला. अन् मंग आली ती मालकाच्या पोराच्या मिठीत जानारी बाई, अन् तिच्या कानावर टोपली. नुसती टोपली नाई. तुमी लिहिलं, डाव्या टोपलीची एक घुगरी तुटलेली. कायले लिहिलं ते? काय बिघडत होतं एवढं नाई लिहिलं असतं तं? शहरातल्या वाचनाऱ्याले घुगरी तुटलेली असली काय अन् साबूत असली काय. पन इथं बायकाईले एकमेकींचं लेनं पाठ असते हो. डाव्या टोपलीची एक घुगरी तुटलेली — तांड्यात एकच टोपली तशी होती. खेमसिंग वाचतच होता, त्याले काई समजलं नाई, अन् साऱ्या बाया झमकीच्या डोक्याकडं पाहून राहिल्या. तिनं हातानं झाकलं. झाकलं म्हनूनच लोकाईले जास्त पटलं.

पुसदकडून तिच्या सासरचे आले. नसाब बसली, आमची पंचायत, नायकाच्या दारातच. मी उठून उभी राह्यली अन् म्हटलं ती मी होती. भर नसाबीत म्हटलं. टोपली तिची, डोकं माह्यं. कोनाचा विश्वास नाई बसला, काऊन का कुवारी पोरगी टोपली घालनच कशी? आमच्यात असं होत नाई. लोक म्हने धाकटी लेक बहिनीले वाचवून राह्यली, किती गुनाची हाये. मले शाबासकी देली हो किसनराव, माह्या डोक्यावरून हात फिरवला नायकानं, अन् म्हने ज्यानं लिहिलं त्याले आनाव, तो जे म्हनन ते खरं. तं मी गेली. दिग्रसले तुमच्या घरी पायी गेली. तुमची आई इंदूबाई दारात तांदूळ निवडत होती, तिनं मले आंगनातच थांबवलं, पन तुमाले हाक मारली, तेवढं खरं. तुमी आले. पायरीवर उभे राह्यले, खाली नाई उतरले. मी म्हटलं चला, एवढं एकच बोला की ती लाली होती. तुमाले काई होत नाई, तुमी मालक, आमच्या पंचायतीचा तुमाले दंड नाई. माही बदनामी होईन ते मी पाहून घेईन. अन् तुमी काय म्हटलं? आईच्या देखत, त्या शहरातल्या मराठीत — बाई, ती कादंबरी आहे, त्यात कोणीच खरं नाही. बाई म्हटलं मले. लाली नाई म्हटलं.

झमकीच्या नवऱ्यानं तिची टोपली नसाबीतच उतरवली. नवरा जित्ता असतानी. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी ती पान्याले गेली, तुमच्याच विहिरीवर, काऊन का तांड्याच्या विहिरीवर बाया तिले पानी भरू देत नोहत्या. बस. तुमी तं पुस्तकात ते विहिरीत उडी मारनं पह्यलेच लिहून ठेवलं होतं, शेवटच्या पानावर. तिनं ते ऐकलं होतं. तिले वाटलं असन, असंच कराव लागते.

मी रडली नाई तवा. मले वाटलं हे पुस्तक कोनी वाचूच नये, जगात कुठंच, ती घुगरी कोनाले दिसूच नये. अन् आता ऐका, हे तुमाले कोनीच सांगतलं नाई आजवर. तुमी प्रत्येक भाषनात सांगता ना — सून लावते ना मोबाईलवर तुमचं भाषन, मी ऐकतो — का मोठे लोक माझ्या प्रेमाला घाबरले, सत्तेतल्यांना ते सहन झालं नाही, म्हणून सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. मोठे लोक. कोन मोठे लोक हो? मी. ती बंदी मी आनली. शंकरसिंगची अंगठेबहाद्दर लेक. होळीले आमच्यात बाया लेंगीची गानी म्हनतात, पुरुषाले मंधात घेऊन, अन् लेंगीत कोनालेबी काईबी म्हनता येते, कोनी राग धरत नाई, उलटं फगवा, होळीची बक्षिसी, द्याव लागते. मी लेंगी बांधली. पुस्तकवाल्या कोरानं गोरांच्या लगीनवाल्या बाईची टोपली चोरली अन् बाजारात मांडली, असं काई. माह्या तोंडून ती बोरी अरबकडच्या बाया शिकल्या, त्याईच्यापासून पुसदच्या शिकल्या, एका होळीत साऱ्या तांड्यात गेली ती. घरोघर बाया आपल्या नवऱ्याले विचारेत, तुमी मिशा कायले ठेवल्या, जा ना त्या पुस्तकाचं काई करा. अन् मंग पेटले पुरुष. ट्रक भरून भरून यवतमाळले मोर्चा गेला, खेमसिंग पुढं, त्याले काय बोलाचं ते मी पढवलं होतं. जिले जित्तेपनी पानी भरू देलं नाई, तिच्या इज्जतीसाठी लोक घसा फाडून ओरडले. पन बंदी आली. दुकानातून पुस्तकं उचलली, अन् त्या दिवशी मी गुळाचा शिरा केला. खेमसिंगले हो म्हटलं तेबी त्याच दिवशी.

काय झालं? श्वास लागला? हळू घ्या, हळू. नाई मारत तुमाले. माह्या खाटेवर नका मरू, झमकी गेली, खेमसिंग गेला, माह्या दाराले तिसरं नाव नको तुमचं.

पन तुमचं नशीब पाहा. बंदीनंच मोठे झाले तुमी. लोक लपूनछपून वाचेत, कोर्टात गेलं, वर्तमानपत्रात फोटो, मंग कोर्टानं बंदी उठवली अन् पुस्तक दसपट विकलं. मी तुमाले गाडाले गेली अन् माह्याच हातानं स्टेजवर चढवलं. याचं मले किती जळते तुमाले सांगू शकत नाई. नुसती कादंबरी असती तं दोन वर्सांत वाळवी लागून गेली असती. अन् बंदी उठल्यावर तुमचं बोलनंच बदललं. पायरीवर उभे होते तवा त्यात कोनीच खरं नोहतं. आता हार गळ्यात पडले तं सगळंच खरं झालं, शब्द न् शब्द खरा, माझ्या रक्तानं लिहिलं म्हने. रक्त कोनाचं गेलं अन् लिहिलं कोनी. अन् खरंच, तुमाले काय वाटलं होतं, मी मेली? तांड्यातली एक बाई विहिरीत पडली एवढं ऐकलं असन तुमी पुण्याले निघून गेल्यावर, अन् विचारलंबी नाई का कोन पडली? तुमचा गडी रोज इकडून जाये. एका मानसाले विचारलं असतं तं समजलं असतं. नाई विचारलं. मेलेलीच बरी होती मी तुमाले, जित्ती असती तं कधीतरी दिग्रसले बाजारात भेटली असती, कडेवर पोर घेऊन, अन् मंग भाषनात काय सांगतलं असतं.

वाचलं मी तुमचं पुस्तक. म्हनजे वर्षाकडून वाचून घेतलं, माह्या लेकीकडून, ती सातवीत होती तवा. खेमसिंग वावरात गेला का. सारं नाई — ते कोठ्यातलं पान, कापसाच्या गंजीवरचं. तिनं एकदा वाचलं, म्हटलं पुन्हा वाच. पुन्हा वाच. ते गाठ सोडून पुन्हा बांधनं, ते तुमी लिहिलं हाये, अन् तुमचे हात कापत होते तेबी लिहिलं हाये. मले तवा समजलं नोहतं का तुमचे हात कापत होते. तू घाबरला होता किसन? तूबी घाबरला होता? मंग काहून — मंग पायरीवरून खाली उतराले काय झालं होतं तुले, दोन तं पायऱ्या होत्या. मी आंगनाच्या धुळीत उभी होती अन् तुले माहीत होतं मी कोन हावो, तुले माही गाठ कशी सुटते तेबी माहीत होतं, अन् तू बाई म्हटलं मले.

पोरीनं तं एक दिवस विचारलं, आई, हेच पान कायले? म्हटलं यात कापसाचं चांगलं लिहिलं हाये.

रडू नका. आता रडून काय. पुसतो, थांबा. हे एवढं बोलायचं नोहतं मले, हे सोडून द्या. मुद्द्याचं ऐका, ते लोक परत येऊन राह्यले, ते पाहा धुऱ्यावरून. मी लय वर्स इचार केला का तुमाले काय केलं तं तुमाले लागन. शिव्या देल्या तं लागनार नाई, लोक म्हनतीन प्रेमातली बाई हाये, आनखी एक पुस्तक निघन. खरं सांगतलं, का ती मीच होती, तं मले उचलून स्टेजवर बसवतीन तुमच्या बाजूले, दोघाईले एकच हार घालतीन, अन् झमकी तशीच राहीन विहिरीत, कोनाची तरी लफड्याची बाई म्हनून. ते नाई होऊ देत मी. तुमच्याजवळ एकच वस्तू हाये किसनराव, का हे खरं घडलं होतं. ते मी आज घेऊन घेतो. माह्यंबी जाते त्यात, जाऊ द्या. माह्याजवळ तसंबी एक पानच होतं.

मान हलवू नका अशी. नातीले वाटन तुमाले थंडी वाजून राह्यली.

ये बाई ये. पाह्यली विहीर? चांगली दिसते ना वरून. नाई, काई त्रास नाई देला त्याईनं, गुमान बसून होते. रडतात? नाई वो, म्हातारं मानूस, डोळ्यातून पानी येतेच. लाव तुहा कॅमेरा. इकडं पाहू का त्या काचेत? बरं. मी लालीबाई, खेमसिंगची बायको, याच तांड्यात जन्मली, इथंच राह्यली. त्या विहिरीत माही मोठी बहीन झमकी पडली. पानी काढतानी पाय घसरला. लगीनवाली, घरंदाज बाई होती, नवऱ्याशिवाय तिनं कोनाकडं मान वर करून पाह्यलं नाई, हे मी माह्या लेकराईची शपथ घेऊन सांगतो, अन् हे तुमी त्या मोठ्या पडद्यावर दाखवा. दुसरी? दुसरी कोनी पोरगी नोहती. तांडा केवढा, मले माहीत नसतं का? चांदणी-बिंदणी कोनी झालीच नाई इथं. मालकाच्या घरचं कोनी आमच्यात येत नोहतं, बोलत नोहतं. ते पुस्तकातलं सारं मनानं लिहिलेलं असन, लिहिनाऱ्याले लिहाव लागते. काय म्हटलं? ह्याईले? नाई वो बाई, ह्याईले मी आजच पाहून राह्यली. बंद केला का कॅमेरा? आता उचला त्याईले, दोघं जन धरा, पाय लोंबून राह्यला पाहा. खाट पाह्यजे मले, तूर वाळू घालाची हाये.